चँडलरला सोडलं, जागा उरली: डॅलस मॅव्हरिक्स, डिसेंबर २०११

१२ जून २०११ च्या रात्री मायामीत डॅलस मॅव्हरिक्सने मायामी हीटला १०५-९५ असं हरवून एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची अंतिम मालिका ४-२ ने जिंकली. आपल्याकडे तेव्हा १३ जूनची सकाळ झाली होती. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या त्रिकुटाला एका वयस्कर संघाने नमवलं होतं. डर्क नोवित्स्की अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि क्लबच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद घरी आलं.

सहा महिन्यांनी, डिसेंबरात, त्याच संघाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, टायसन चँडलर न्यूयॉर्क निक्सचा झाला. त्यानंतर डॅलसला प्लेऑफची एकसुद्धा मालिका जिंकायला २०२२ साल उजाडावं लागलं. नोवित्स्की २०१९ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे विजेतेपदानंतरच्या त्याच्या आठ हंगामांत संघाने एकही मालिका जिंकली नाही.

या निर्णयाला अनेकजण मालकाचा कंजूषपणा म्हणून निकालात काढतात. ते मला पटत नाही. मालक मार्क क्यूबन यांनी त्याआधीची कित्येक वर्षं लक्झरी टॅक्स, म्हणजे पगाराची ठरलेली रेषा ओलांडल्याचा दंड, भरला होता, पैशाला ते कधी मागे हटले नव्हते. नव्या नियमांचा अर्थही त्यांनी बराचसा बरोबर लावला होता. ते फसले पुढच्या पायरीवर. पगाराची रिकामी जागा हीच त्यांनी मालमत्ता धरली, आणि हातात असलेला हक्क मात्र सोडून दिला. हे नीट समजायला आधी संघ आणि मग नियम पाहावे लागतात.

संघ

२०१०-११ मध्ये डॅलसने ५७ सामने जिंकले, २५ हरले. नोवित्स्की, जेसन किड, जेसन टेरी, शॉन मॅरियन हे सगळे तिशी ओलांडलेले. किड तर ३८ वर्षांचा. या मंडळींत चँडलर तुलनेने तरुण, तेव्हा २८ वर्षांचा. २०१० च्या जुलैत तो शार्लटकडून आला. बदल्यात डॅलसने प्रामुख्याने एरिक डॅम्पियरचा करार दिला होता, ज्यातले पैसे हमीचे नव्हते आणि म्हणून शार्लटला तो लगेच रद्द करता येणार होता. चँडलरचं नाव तोवर दुखापतींशी जोडलं गेलं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सने त्याला ओक्लाहोमा सिटीकडे पाठवायचा व्यवहार केला आणि वैद्यकीय तपासणीत पायाच्या अंगठ्यावरून तो फिसकटला. डॅलसला तो स्वस्तात मिळाला तो यामुळेच.

आणि मग त्याने संघाचा पोतच बदलला. हंगामात सामन्यामागे १०.१ गुण आणि ९.४ रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर पकडलेले चेंडू). आकडे भारदस्त नाहीत, पण नोवित्स्कीसारखा सात फुटी नेमबाज आणि त्याच्या पाठीशी रिंगचं रक्षण करणारा दुसरा सात फुटी, ही जोडी डॅलसला त्याआधी कधी जमली नव्हती. नोवित्स्कीच्या संथ पावलांची भरपाई चँडलर करायचा, बचावात मागून आवाज देऊन सगळ्यांना जागेवर ठेवायचा. आक्रमणात तो चेंडू खेळवणाऱ्या गार्डसाठी स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून, रिंगकडे धावायचा. त्याला अडवायला प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस आत ओढला जायचा आणि बाहेर नोवित्स्की नाहीतर टेरी मोकळा व्हायचा. गुणफलकावर याची नोंद चँडलरच्या नावापुढे होत नाही.

त्या प्लेऑफमध्ये पोर्टलंड ४-२, लेकर्स ४-०, ओक्लाहोमा सिटी ४-१ आणि मायामी ४-२ असे चारही संघ या रचनेने पाडले. लेकर्स तेव्हा सलग दोन वर्षांचे विजेते होते. चँडलरचा करार मात्र त्याच उन्हाळ्यात संपत होता.

नियम बदलले ते नेमके काय

१ जुलै २०११ ला लीगने खेळाडूंना टाळं लावलं. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सामूहिक करार संपला होता. लॉकआउट ८ डिसेंबरपर्यंत चालला, हंगाम ६६ सामन्यांवर आला आणि नाताळच्या दिवशी सुरू झाला. जुन्या करारात बास्केटबॉलच्या उत्पन्नातला ५७ टक्के वाटा खेळाडूंचा होता, तो जवळपास निम्म्यावर आला. क्लबांसाठी त्याहून महत्त्वाचा होता तो लक्झरी टॅक्स.

आयपीएल पाहणाऱ्यांना संघाची पर्स ठाऊक असते: ठरलेली रक्कम, तिच्या बाहेर कोणी जाऊ शकत नाही. एनबीएची सॅलरी कॅप तशी कडक नाही. २०११-१२ साठी ती सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर होती. बाहेरचा खेळाडू मोठ्या पगारावर आणायचा तर तुमचा एकूण पगार कॅपच्या आत हवा. पण स्वतःचाच खेळाडू ठेवायचा असेल तर कॅप ओलांडायची मुभा आहे. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा हक्क. त्याच्याही वर, साधारण ७ कोटी ३ लाखांवर, टॅक्सची रेषा होती. ती ओलांडली की वरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर लीगला द्यायचा, असा जुना दर.

नव्या करारात हा दर पायऱ्यांचा झाला. पहिल्या ५० लाखांवर दीडपट, पुढच्या ५० लाखांवर पावणेदोन, मग अडीच, मग सव्वातीन. रेषेच्या २ कोटी वर गेलेल्या संघाला पूर्वी २ कोटी भरावे लागत. नव्या दराने ते साडेचार कोटी झाले. वारंवार टॅक्स भरणाऱ्यांना याहून जास्त. शिवाय टॅक्स भरणाऱ्या संघांना बाहेरून खेळाडू घेण्याच्या सवलतीही आखडल्या.

क्यूबन यांनी हे वाचलं आणि ठरवलं की पुढच्या काळात सगळ्यात मौल्यवान गोष्ट असेल लवचीकता. बाकीचे क्लब जड करारांखाली अडकतील, आपण मोकळे असू. २०१२ च्या उन्हाळ्यात डेरॉन विल्यम्स बाजारात येणार होता, आणि तो डॅलसजवळच्या द कॉलनी या गावात वाढलेला. ड्वाइट हॉवर्डचं नावही चर्चेत होतं. म्हणून २०११ मध्ये कुणालाच लांब करार द्यायचा नाही, असं धोरण ठरलं.

इथे एक बारकावा आहे आणि सगळं प्रकरण त्यावर फिरतं. नवा चढा दर २०१३-१४ पासून लागू होणार होता. २०११-१२ आणि २०१२-१३ ही दोन वर्षं डॉलरला डॉलर हाच जुना दर चालू राहणार होता.

डिसेंबर

चँडलरला न्यूयॉर्कने चार वर्षांचे सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर दिले. त्यासाठी निक्सनी चॉन्सी बिलप्सचा करार नव्या सामूहिक करारातल्या एकवेळच्या माफीने पगारपत्रकातून बाहेर काढला. पगार द्यावा लागतो, पण कॅप आणि टॅक्समध्ये धरला जात नाही, अशी ती माफी. डॅलसने चँडलरला थेट जाऊ देण्याऐवजी वॉशिंग्टनला सोबत घेऊन व्यवहार केला. हाती मुख्यतः आली ती ट्रेडची सवलत, म्हणजे पुढे तेवढ्या पगाराचा खेळाडू बदल्यात पगार न देता घेता येईल असं एक अदृश्य नाणं.

ते नाणं लगेच वाजवलं गेलं. त्याच आठवड्यात ख्रिस पॉलला लेकर्सकडे नेणारा तीन संघांचा व्यवहार कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी अडवला होता. पॉलचा न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स संघ तेव्हा लीगच्याच मालकीचा होता. त्या व्यवहारात लेकर्सचा लमार ओडम बाहेर जाणार होता. आपलं नाव त्यात होतं हे त्याच्या मनाला लागलं आणि त्याने बदली मागितली. डॅलसने त्याला ट्रेडच्या सवलतीत घेतलं. आदल्याच हंगामाचा सर्वोत्तम राखीव खेळाडू, जवळपास फुकटात. कागदावर हा व्यवहार चलाख होता.

बाकीचेही निघाले. अंतिम मालिकेच्या शेवटच्या तीन सामन्यांत सुरुवातीच्या पाचात खेळलेला होजे हुआन बरेया मिनेसोटाला गेला. कॅरॉन बटलर क्लिपर्सकडे, डीशॉन स्टीव्हनसन नेट्सकडे. पेजा स्टोयाकोविच निवृत्त झाला. बचावाची आखणी करणारे सहप्रशिक्षक ड्वेन केसी तर जूनमध्येच टोरोंटोचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. आत आले व्हिन्स कार्टर, डेलॉन्टे वेस्ट, ब्रँडन राइट आणि ओडम.

पहिलं वर्ष

३६ विजय, ३० पराभव, पश्चिमेत सातवा क्रमांक. पहिल्या फेरीत ओक्लाहोमा सिटीकडून ०-४. या पराभवाचं चित्र नेहमी एकतर्फी रंगवलं जातं, पण पहिला सामना ९९-९८ असा एका गुणाने गेला आणि दुसरा १०२-९९ असा तीन गुणांनी. दोन सामन्यांत मिळून चार गुण. अशा ठिकाणी रिंगजवळचा एक बचाव किंवा एक आक्रमक रिबाउंड निकाल फिरवतो.

ओडम डॅलसमध्ये कधी रमलाच नाही. ५० सामन्यांत सरासरी ६.६ गुण, आणि एप्रिलमध्ये क्लब आणि तो वेगळे झाले. नोवित्स्की लॉकआउटनंतर तंदुरुस्तीत मागे होता, जानेवारीत त्याला काही सामने बसवून फक्त सराव करायला लावलं. विशेष म्हणजे संघाचा बचाव फारसा ढासळला नाही. मुख्य प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी तो सावरून धरला. घसरलं ते आक्रमण. चँडलर म्हणजे बचावपटू एवढंच ज्यांनी धरलं होतं, त्यांना याचं उत्तर शोधावं लागलं. रिंगकडे धावणारा माणूस गेला आणि नोवित्स्कीभोवतीची मोकळीक आटली.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये चँडलरने ६७.९ टक्के नेम साधला आणि २०१२ चा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. हा मान मिळवणारा तो निक्सचा पहिला खेळाडू.

जागा आहे, येणारा नाही

२०१२ च्या जुलैत ती वेळ आली जिच्यासाठी हे सगळं केलं होतं. डेरॉन विल्यम्सला नेट्स पाच वर्षांचे सुमारे ९ कोटी ८० लाख देऊ शकत होते, डॅलस चार वर्षांचे साधारण साडेसात कोटी. हा फरक नव्या सामूहिक करारातच लिहिलेला होता: आपला खेळाडू ठेवणाऱ्याला एक वर्ष जास्त आणि वार्षिक वाढ साडेसात टक्के, बाहेरच्याला साडेचार टक्के. नेट्सनी जो जॉन्सनला आणून विल्यम्सला ब्रुकलिनमध्ये जोडीदारही दिला. डॅलसच्या भेटीला क्यूबन स्वतः नव्हते. ते टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी लॉस एंजेलिसला होते. आपल्या मनातल्या प्रश्नांची उत्तरं मालकाकडून मिळाली असती, असं विल्यम्स नंतर म्हणाला. माझ्या मते मालक हजर असता तरी फार फरक पडला नसता. ज्याला संघात येऊन जिंकायचं आहे तो विचारतो, माझ्याबरोबर कोण खेळणार? डॅलसकडे त्याचं उत्तर होतं ३४ वर्षांचा नोवित्स्की आणि ३४ वर्षांचा मॅरियन.

पाठोपाठ किड न्यूयॉर्कला गेला आणि टेरी बोस्टनला. २०१२-१३ साठी क्रिस केमन, ओ. जे. मेयो, एल्टन ब्रँड, डॅरन कॉलिसन अशी छोट्या मुदतीची जमवाजमव झाली. नोवित्स्कीच्या गुडघ्यावर ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. जय-पराजय बरोबरीत येईपर्यंत दाढी करायची नाही, असा पण काही खेळाडूंनी केला आणि एप्रिलमध्ये तो फिटला. हंगाम ४१-४१ वर संपला, आणि सलग बारा हंगाम प्लेऑफ खेळलेला संघ बाहेर राहिला. चँडलर आणि किड असलेल्या निक्सनी त्या वर्षी ५४ सामने जिंकले आणि २००० नंतरची आपली पहिली प्लेऑफ मालिका घेतली.

२०१३ मध्ये ड्वाइट हॉवर्ड. त्याने लेकर्सचा जास्तीचा पैसा नाकारला, म्हणजे बाहेरचा क्लब जिंकू शकतो हे सिद्ध झालं. पण तो जिंकला ह्यूस्टन, कारण तिथे तेविशीतला जेम्स हार्डन आधीच होता. पाहुण्यासाठी सगळं घर रिकामं केलं की पाहुण्याला बसायला काही उरत नाही. डॅलसचं दोन उन्हाळे तेच झालं.

२०१५ चा किस्सा तर बहुतेकांना माहीत आहे. डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला, सह्या करायची मुभा मिळायच्या आत त्याचं मन बदललं, क्लिपर्सची मंडळी त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसली आणि त्याने तिथेच सही केली. यात डॅलसचा दोष नव्हता. पण बाहेरच्या माणसाच्या होकारावर संपूर्ण आखणी उभी केली की धोका असतो तो हाच.

तोच करार, दुसऱ्या टोकाकडून

जॉर्डनच्या किश्शाच्या वर्षभर आधी, जून २०१४ मध्ये डॅलसने चँडलरला परत आणलं. होजे काल्देरॉन, सॅम्युएल डॅलेम्बर्ट, शेन लार्किन, वेन एलिंग्टन आणि दुसऱ्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) न्यूयॉर्कला दिले. चँडलरबरोबर रेमंड फेल्टन आला. २०११ साली जो चार वर्षांचा करार नको म्हणून नाकारला, त्याच कराराचं चौथं आणि सगळ्यात महाग वर्ष डॅलसने स्वतःच्या तिजोरीतून भरलं. त्या हंगामात चँडलरने सरासरी १०.३ गुण आणि ११.५ रिबाउंड दिले, डॅलसने ५० सामने जिंकले.

म्हणजे लांब करारातलं शेवटचं वर्ष बुडीत जाईल ही भीतीसुद्धा खरी ठरली नाही. तिसरं वर्ष मात्र वाईट गेलं, हे सांगितलं पाहिजे: नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं आणि तो ५५ सामनेच खेळला. चारातलं एक वर्ष अधू, तीन उत्तम. तिशीकडे झुकलेल्या सेंटरच्या बाबतीत कुठलाही क्लब हे आनंदाने घेईल.

ठेवला असता तर

आता दुसरा हिशेब मांडू, कारण ‘टॅक्स परवडला नसता’ हे वाक्य तपासल्याशिवाय फार वर्षं फिरत राहिलंय.

२०११-१२ मध्ये डॅलस चँडलरशिवायही कॅपच्या वर होतं. त्यामुळे त्याचा पगार वाचला तरी ती रक्कम बाजारातल्या दुसऱ्या मोठ्या खेळाडूवर खर्च करता येत नव्हती. बर्ड हक्क हा चँडलरपुरताच होता. तो गेला की हक्कही गेला. हाती राहिली ती ट्रेडची सवलत, जी ओडमवर संपली. त्या वर्षी चँडलरला ठेवण्याची किंमत होती त्याचा पगार आणि त्यावर डॉलरला डॉलर टॅक्स. रक्कम मोठी होती, पण विजेतेपद राखण्याच्या वर्षात क्यूबन यांना ती पेलणारी होती.

२०१२ मध्ये किड आणि टेरी या दोघांचे करार तसेही संपत होते. ब्रेंडन हेवूडचा लांबलचक करार एकवेळच्या माफीने काढून टाकता येत होता, आणि डॅलसने त्या जुलैत खरोखर तसंच केलं. मग चढा दर सुरू होणारं वर्ष, २०१३-१४. त्या वर्षी नोवित्स्कीचा पगार सुमारे २ कोटी २७ लाख, मॅरियनचा ९३ लाख, चँडलरचा १ कोटी ४१ लाख. बेरीज ४ कोटी ६० लाखांच्या आसपास. टॅक्सची रेषा त्या वर्षी ७ कोटी १७ लाख. म्हणजे चँडलर धरूनही रेषेच्या खाली अडीच कोटींची मोकळी जागा. ज्या भयंकर टॅक्ससाठी हा त्याग झाला, त्याच्या जवळपासही संघ गेला नसता.

चँडलरला ठेवल्यावर हुकली असती अशी एकच गोष्ट होती: २०१२ मध्ये विल्यम्सला पूर्ण पगाराचा प्रस्ताव. तो पगार कॅपमध्ये चँडलरसह बसला नसता. तेव्हा खरा सौदा ‘चँडलर की आर्थिक शिस्त’ असा नव्हताच. हातातला चँडलर, की पुढच्या वर्षी विल्यम्सला विचारण्याची संधी, एवढाच तो होता. विल्यम्स तेव्हा लीगमधल्या पहिल्या फळीतला पॉइंट गार्ड, म्हणजे आक्रमण रचणारा खेळाडू, होता, म्हणून संधीची ओढ मला समजते. पण त्या संधीची शक्यता मोजताना एक गोष्ट धरली गेली नाही. नव्या नियमांनी घरच्या क्लबचं पारडं जड केलं होतं. चँडलरच्या बाबतीत घरचा क्लब डॅलस होतं. विल्यम्सच्या बाबतीत ते परकं होतं. नियम आपल्या बाजूने असलेली जागा सोडून डॅलस स्वखुशीने नियम विरोधात असलेल्या जागी जाऊन बसलं.

चँडलर राहिला असता तर २०१२ चं विजेतेपद मिळालं असतं, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी मायामी जिंकली आणि तो संघ जबरदस्त होता. किडचं वय कुणाला थांबवता आलं नसतं, नोवित्स्कीचा गुडघा कुणाला टाळता आला नसता. माझा आग्रह एवढाच आहे की नोवित्स्कीच्या शेवटच्या चांगल्या तीन-चार वर्षांची किंमत त्या हिशेबात कुठेच लावलेली दिसत नाही. २०१४ मध्ये त्याने मिळू शकणाऱ्या पगारापेक्षा कितीतरी कमी घेऊन, तीन वर्षांच्या अडीच कोटींवर सही केली, ते क्लबला खेळाडू आणता यावेत म्हणून. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये आठव्या क्रमांकाच्या डॅलसने सॅन अँटोनियोला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं होतं, आणि सॅन अँटोनियो पुढे विजेता झाला. कार्लाइल आणि नोवित्स्की इतक्या कमी सामग्रीवर इतकं काढू शकत होते. त्या मालिकेत टिम डंकनसमोर डॅलसचा सेंटर डॅलेम्बर्ट होता. चँडलरच्या कराराचं ते तिसरं वर्ष होतं.